तीन पडले की पाइप

कॉम्प्युटर जोडून झाला की एखादा स्क्रू उरतोच. कुठला उरला ते कुणाला सांगता येत नाही, मशीन तर चालू असतं आणि स्क्रू फेकून द्यायला हात होत नाही. असे उरलेले स्क्रू, वायसर, पट्ट्या टाकायला आमच्या दुकानात श्रीखंडाचा एक रिकामा डबा होता. चार वर्षांत तो तीनदा भरला. किस्स्यांचंही तसंच. कुठून निघाले, कुठे बसायला हवे होते, काही आठवत नाही. डबा हलवला की वाजतात एवढं खरं. आज जरा जास्तच हलवतो.

दुकान मारुंजीत. शेजारी हिंजवडीला कंपन्या आल्या आणि आमच्याकडे ज्याच्या त्याच्या घरावर दुसरा मजला चढला. त्या मजल्यावर नांदेड, लातूर, जळगावची पोरं भाड्यानं राहायला आली. कंपनीत दिवसभर कॉम्प्युटर, आणि खोलीवर आल्यावर करायचं काय, तर पुन्हा कॉम्प्युटर. हे पाहून मी धंदा बदलला.

जागा माझ्या वडिलांची, तात्यांची. आधी तिथे पीव्हीसीचे पाइप, पाण्याच्या मोटारी आणि फूटव्हॉल्व्ह होते. मी कॉम्प्युटर शिकलो तो एक बिघडलेला विकत घेऊन. खोलला, परत जोडला, चालला नाही. दुसऱ्यांदा जोडला, चालला. का चालला ते कळायला तिसऱ्यांदा खोलावा लागला.

माझ्या जोडीला इक्बालभाई. हे पौडचे. सोळा वर्षं त्यांनी तात्यांच्या गिऱ्हाइकांच्या मोटारी दुरुस्त केल्या. पुढे पाठ धरायला लागली, विहिरीत उतरून मोटार वर ओढणं जमेना. मी म्हटलं, "भाई, इकडे या. इथे सगळं टेबलावर असतं." ते आले, आणि महिन्याभरात माझ्यापेक्षा सफाईनं मशीन जोडायला लागले.

तात्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. "जागा माजी, धंदा तुजा," ते म्हणाले होते, "चालतोय तवर चालू दे."

*

तर पहिला जड पंखा आमच्याकडे आणला विक्रांतनं. हा नांदेडचा. कंपनीत टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार. रविवारी दिवसभर गेम.

कॉम्प्युटरचा प्रोसेसर असतो बिस्किटाएवढा, पण तापतो चुलीसारखा. म्हणून त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि त्याला पंखा, असा कूलर बसवतात. कंपनीचा कूलर वाटीएवढा असतो. विक्रांतनं आणलेला दुधाच्या किटलीएवढा होता. तांब्याच्या नळ्या काय, चकचकीत पाती काय!

तात्यांनी पेपर खाली ठेवला. कूलर उचलला आणि खिळे तोलायच्या तराजूत टाकला.

"नऊशे ग्रॅम. हे बसनार कुटं?"

इक्बालभाईंनी मदरबोर्ड दाखवला.

"ही पाटी? ही तर पापडावानी हाय."

"चार स्क्रू आहेत की, तात्या."

"आनि डबा हुभा ऱ्हानार?"

"उभंच राहतं कॅबिनेट."

"मंजी पाटी भिंतीसारकी हुभी, आनि ह्यो गडी तिला आडवा लोंबनार. भित्तीला खिळा ठोकून हंडा टांगल्यावानी." तात्यांनी पेपर पुन्हा उघडला. "टांगलेली वस्तू पडती. मी चाळीस वर्सं पाइप टांगतोय."

विक्रांत हसला. आम्हीही हसलो. इक्बालभाईंनी कूलर बसवला, मशीन छान चालू झालं. एक लोखंडी पट्टी उरली, इंग्रजी एक्स अक्षरासारखी. भाई म्हणाले, "ही एक्स्ट्रा दिलेली दिसते." ती गेली श्रीखंडाच्या डब्यात.

तिसऱ्या रविवारी दुपारी विक्रांतचा फोन. "दादा, मी गेममध्ये बंकरच्या मागे लपलो होतो. मोठा आवाज झाला. मला वाटलं बॉम्ब. मी आडवा झालो. मग स्क्रीन काळी झाली. मला वाटलं मेलो. दहा मिनिटं थांबलो, पण परत जिवंत करेना."

कॅबिनेट खोललं तर कूलर तळाशी पडलेला. नशीब, बाकी काही फुटलं नव्हतं. बोर्डच्या मागून धरणारं काहीच नव्हतं, म्हणून वजनानं स्क्रूच निसटले होते.

आम्ही मशीन दुकानात आणून डोकं खाजवत बसलो. तात्या उठले, श्रीखंडाचा डबा टेबलावर पालथा केला आणि ती एक्ससारखी पट्टी बोटानं पुढे सरकवली.

"ही पाटीच्या मागनं लावत्यात. पाइपाची क्लॅम्प भित्तीला लावताना मागं लाकडाची फळी देतो, तशी. ह्ये मला कळतंय आनि तुमाला न्हाई?"

मग त्यांनी खडू घेतला, शटरशेजारच्या भिंतीवर एक उभी रेघ ओढली आणि जाहीर केलं, "आजपास्नं मोजतो. तीन पडलं की हितं पुन्यांदा पाइप. पाइपवाल्याला तसं सांगून ठेवतो."

मला वाटलं, गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी पाइपवाल्याचा माणूस नवीन कॅटलॉग देऊन गेला. इक्बालभाईंनी तो न उघडताच स्वतःच्या पाठीला हात लावला.

*

त्यानंतर भाईंनी असा काही धसका घेतला की विचारू नका. पुढचा कूलर त्यांनी पट्टी लावून, स्क्रू पूर्ण दाब देऊन, वर आणखी एकेक पीळ देऊन बसवला. हातानं हलवून पाहिला. कूलर हलेना, टेबल हललं.

मशीन चालूच होईना. मी बोर्ड बाजूनं पाहिला तर मधे पोट आलेलं. केळीच्या पानावर गरम भात वाढल्यावर पान जसं वाकतं, तसा.

"भाई, किती आवळलाय?"

"पडणार नाही एवढा."

तात्या खुर्चीतूनच म्हणाले, "इक्बाल, मोटारीला पाइप जोडायच्या फ्लॅन्जचं नट कसं आवळतोस तू?"

"समोरासमोरचे. थोडा हा, थोडा तो, परत हा. एकदम एकच आवळला तर फ्लॅन्ज वाकडी बसते, फुटते."

"मग ह्याला का तसं न्हाई आवळलं?"

"तात्या, हे इलेक्ट्रॉनिक आहे."

"त्याला ठावं हाय का ते?"

भाईंनी चारही स्क्रू सोडले आणि समोरासमोरचे, अर्धा अर्धा पीळ देत, बसतील तेवढेच आवळले. बोर्डचं पोट आत गेलं. मशीन चालू. तात्यांनी रेघ ओढली नाही. "वाकला, पडला न्हाई," असा निकाल दिला.

*

भरे गावचे बबनराव. दोन ट्रॅक्टर, एक डंपर आणि बारावीला असलेली मुलगी. तिच्यासाठी मशीन घ्यायला आले. मी म्हटलं, अभ्यासाला साधं पुरेल, कंपनीचा लहान कूलर बास आहे.

"न्हाई. इंजिन गरम झालं न्हाई पायजे. मोठ्यातला रेडिएटर घाला."

गिऱ्हाईक जड मागतंय तर नाही म्हणणारा मी कोण? मोठ्यातला घातला. पट्टी मागून, स्क्रू समोरासमोरचे, सगळं रीतसर. दोन महिने एकही तक्रार नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बबनरावांचा फोन. "बंद पडला. आत कायतरी खळखळतंय."

मी आणि इक्बालभाई गेलो. कॅबिनेटची एक बाजू उघडीच होती. दसऱ्याला ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावतात, तसं यांनी कॅबिनेटचं दार उघडून आत हळदकुंकू लावलेलं. पॉवर सप्लायवर पाच बोटं. आणि तळाशी कूलर, त्याच्या पोटाखाली झेंडूची फुलं, आणि लाल फडक्यात बांधलेला एक नारळ.

"नारळ आत कसा गेला?" मी विचारलं.

बबनरावांच्या आई पुढे आल्या. "टांगला व्हता बाबा. नव्या गाडीला टांगतो तसा."

"कशाला टांगला, आजी?"

"त्या नळ्या हायेत न्हव का वाकलेल्या, तांब्याच्या. आकड्यावानी. म्या म्हनलं, कंपनीनं टांगायलाच दिल्यात."

"पण आजी, तो नाजूक असतो."

"नाजूक?" आजींनी आश्चर्यानं त्याच्याकडे पाहिलं. "आत सगळ्यात भक्कम त्योच दिसला की रं मला."

भाई मान खाली घालून झेंडू वेचत राहिले. वेचून झाल्यावर म्हणाले, "आजींचं बरोबर आहे. दिसायला तोच भक्कम आहे."

आजींनी तोच नारळ फोडून आम्हाला खोबरं दिलं. दुकानात आलो तेव्हा खिशात ते होतंच. मी तात्यांपुढे खटला मांडला. आमच्या बसवण्यात चूक नव्हती. कूलर स्वतःच्या वजनानं पडला नाही, नारळाच्या वजनानं पडला. हा पडला म्हणून धरू नये.

तात्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. शांतपणे चावून खाल्ला.

"नारळ देवाचा," ते म्हणाले, "पडला तो पंखा आपला." आणि उठून दुसरी रेघ ओढली.

*

दोन रेघा भिंतीवर. रोज संध्याकाळी शटर खाली ओढताना त्या डोळ्यांसमोर यायच्या. तेव्हा मी नियम केला. मशीन पोचवताना टेम्पोत उभं ठेवायचं नाही, आडवं झोपवायचं. कॅबिनेट आडवं असलं की बोर्ड जमिनीसारखा होतो, कूलर त्याच्यावर उभा राहतो, लोंबायचा प्रश्न येत नाही. आमचा टेम्पोवाला पोपट वाचत नाही असं नाही, पण वाचलेलं लक्षात ठेवत नाही. म्हणून खोक्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "झोपवून न्यावे".

असं एक मशीन माने सरांकडे गेलं. सर सांगलीकडचे, निवृत्त मुख्याध्यापक. मुलाकडे राहायला आलेले. मुलगा दौऱ्यावर असल्यामुळे मशीन त्यांनीच उतरवून घेतलं. महिन्याभरानं ते स्वतः दुकानात आले.

"मशीन उत्तम आहे. फक्त एक विचारायचं होतं. उठवायचं कधी?"

"काय उठवायचं, सर?"

"तुमच्या खोक्यावर सूचना होती, झोपवून न्यावे. नेलं. पण नंतर उठवावे अशी सूचना नव्हती. मी तर्कानं जात नाही, सूचनेनं जातो. गेला महिना ते पलंगावर आहे."

मी म्हटलं, आडवं राहिलं तर उलट चांगलंच, कूलरला काही धोका नाही.

"ते ठीक. पण दोन दिवसांपासून ते आपोआप बंद पडतंय. चादरीमुळे असेल का?"

"कुठली चादर, सर?"

"मी घातलेली." सर थोडे संकोचले. "जानेवारी आहे. आणि त्याच्या आत चोवीस तास पंखा चालू. म्हटलं, असू दे एक अंगावर."

तात्यांनी पेपर तोंडापुढे धरला होता. पेपर बराच वेळ हलत होता.

*

मधे विक्रांतनं आम्हाला सोडलं. कायमचं नाही, रागावून. इंटरनेटवर वाचून तो स्वतःच दुसरा कूलर बसवायला लागला. दोन दिवसांनी मशीन काखेत मारून हजर.

"दादा, पट्टी लावली, समोरासमोर आवळलं, हलत नाही. तरी तापतंय."

इक्बालभाईंनी कूलर काढला. कूलरच्या बुडाला, जिथे तो प्रोसेसरला टेकतो, तिथे पारदर्शक प्लास्टिकचा कागद तसाच. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, बसवण्यापूर्वी काढा. वर त्यानं थंडावा द्यायची पांढरी पेस्ट लावलेली. कागदाला.

"हे काढलं नाहीस?" मी विचारलं.

"दिसलं होतं. म्हटलं, राहू दे. नवीन आहे तोवर."

मी काही बोलणार, तेवढ्यात पोपट टेम्पो लावून आत आला. त्यानं ते प्लास्टिक हातात घेऊन पाहिलं आणि विक्रांतच्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर केलंस भावा. माझ्या सीटचं मी पाच वर्सं झाली काढलं न्हाई."

पोपटच्या टेम्पोत बसलेल्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात त्या सीटवरून उठलं की पाठीची साल सीटलाच राहते.

*

काही कूलर स्क्रूचे नसतात. त्यांना चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. अंगठ्यानं दाबलं की प्रत्येक खुंटी बोर्डच्या भोकातून पलीकडे जाते आणि टक् असा आवाज होतो. चार टक् झाले की काम झालं. एखादी अर्धवट राहिली तर दिसत नाही. चार दिवस धरते आणि मग सोडते.

इक्बालभाईंनी आयुष्यभर मोटारींच्या घरघरीत काम केलेलं. बारीक आवाज त्यांना येत नाही. ते दाबायचे आणि मी ऐकायचो. एका दुपारी विक्रांतच्या मित्राचं मशीन होतं. भाईंनी दाबलं, मी मोबाइलवर बोलत होतो.

"झाले चार?" भाईंनी विचारलं.

"झाले, झाले," मी हातानंच खूण केली.

दाराशी पेपराच्या मागून आवाज आला. "तीनच झालं."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. पेपर तसाच उभा. भाईंनी बोर्ड उलटा केला. चौथी खुंटी अर्ध्यातच अडकलेली. ती दाबली. टक्.

"आता चार," पेपर म्हणाला.

"तात्या, तुम्ही आमचे आवाज मोजता?" मी विचारलं.

"मी पेपर वाचतोय."

पेपर उलटा नव्हता, हे मी मुद्दाम पाहिलं. पण कालचा होता.

*

आणि मग सुनंदाताईंची ऑर्डर आली.

ताई गाणं शिकवायच्या. रिहे गावात त्यांचं छोटं फार्महाउस, तिथे मुलांची गाणी रेकॉर्ड करायच्या. त्यांची अट एकच, मशीनचा आवाज नको. "माझ्या शांततेत तुमचा पंखा येतो," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. आवाज नको म्हणजे पंखा सावकाश फिरला पाहिजे, आणि पंखा सावकाश फिरायचा तर धातू जास्त पाहिजे. मी शहरातून त्यांच्यासाठी मागवला तो कूलर सव्वा किलोचा निघाला. तात्यांच्या तराजूत त्याच्यासाठी दोन वजनं टाकावी लागली.

"आडवं ठेवाल ना कॅबिनेट?" मी ताईंना विचारून पाहिलं.

"माझ्याकडे उभी, अरुंद जागा आहे. उभंच हवं."

इक्बालभाईंनी संपूर्ण दिवस त्या एका मशीनला दिला. पट्टी मागून. स्क्रू समोरासमोरचे, अर्धा अर्धा पीळ. प्लास्टिक काढलेलं, ते मला दाखवून, मग कचऱ्यात. बोर्डला पोट नाही. तरी कॅबिनेट उभं केलं की तो सव्वा किलोचा ऐवज जरासा खाली झुकल्यासारखा दिसायचा. मला दिसायचा, भाईंना दिसायचा. आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. दार लावून टाकलं.

संध्याकाळी घरी निघताना भाई रेघांजवळ क्षणभर उभे राहिले. "दत्ताशेठ," ते मला म्हणाले, "काढता येईल का हो तो कूलर? तिथे जाऊन बसवू."

"ताईंच्या समोर दोन तास खोलून बसायचं? त्या म्हणतील, यांना इथेच शिकायचंय."

भाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला. मग म्हणाले, "माझी विहिरीत उतरायची चप्पल मी टाकून दिली. नवी घ्यावी लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावर आलो तर शटर आधीच वर. तात्या कधी माझ्या आधी येत नाहीत. काउंटरवर मेजरटेप, कानस आणि करवत. फरशीवर पांढरा भुसा, पीव्हीसी कापल्यावर पडतो तो. तात्या हात झटकत होते.

झालं, मनात म्हटलं. हे रॅकची मापं घ्यायला लागले. तिसरा पडायची वाटसुद्धा पाहत नाहीत.

"तात्या, अजून दोनच झालेत," मी म्हटलं.

"मला मोजता येतंय. जा तुमी, टेम्पो हुभा हाय."

पोपटनं टेम्पोत भाताचं तूस भरलेली पोती अंथरली होती. त्यावर मशीन झोपवलं. इक्बालभाई मागे त्याच्याशेजारी बसले, एक हात खोक्यावर. मी पुढे पोपटजवळ, प्लास्टिकवर.

पिरंगुटपर्यंत ठीक गेलं. पुढे रिह्याच्या रस्त्याला लागलो तसा पोपटला उत्साह आला. मी म्हटलं, हळू. तो म्हणाला, हळूच आहे. एका मोरीवर रस्ता खचला होता. ती त्याला दिसली तेव्हा आम्ही तिच्यावर होतो. टेम्पो उडाला. टेम्पो उडाला म्हणजे चारही चाकं, मी, पोपट आणि मागे इक्बालभाई. खाली आलो तेव्हा मागून धाड् असा आवाज आला.

"भाई, काय पडलं?" मी ओरडलो.

मागे पोती सरकल्याचा आवाज आला. मग, "मी."

"आणि मशीन?"

"ते माझ्याखाली होतं."

 पुढचा रस्ता पोपटनं दहाच्या वेगानं टेम्पो चालवला. एक म्हैस आम्हाला मागे टाकून गेली.

सुनंदाताई दारातच होत्या. मशीन आत नेलं, त्यांच्या अरुंद जागेत उभं केलं. मी म्हटलं, "चालू करण्याआधी एकदा आतून पाहतो, ताई. आमची पद्धत आहे." अशी पद्धत आमच्यात त्या मिनिटापासून सुरू झाली.

भाईंनी स्क्रू काढले. दार धरलं, पण उघडेनात. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग उघडलं.

कूलर जागेवर होता. सरळ. अजिबात झुकलेला नव्हता.

त्याच्या खाली एक पाइप उभा होता.

अर्धा इंची, पांढरा पीव्हीसी. कॅबिनेटच्या तळापासून कूलरच्या बुडापर्यंत, एका केसाचंही अंतर न ठेवता. दोन्ही टोकं कानशीनं गुळगुळीत घासलेली. दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला, पत्र्याला लागून वाजू नये म्हणून. मधे प्लास्टिकच्या टायनं बाजूच्या पट्टीला बांधलेला, मशीन आडवं केलं तरी जागा सोडू नये म्हणून.

मी भाईंकडे पाहिलं. भाई माझ्याकडे.

"हे काय आहे हो?" ताईंनी वाकून विचारलं.

धंद्यात काही प्रश्नांना एका सेकंदात उत्तर द्यावं लागतं. "सपोर्ट, ताई."

"कंपनीचा?"

"घरचा."

ताईंनी पाइपावर नखानं टिचकी मारली. कान जवळ नेला. पुन्हा मारली. "वाजत नाही," त्या समाधानानं म्हणाल्या. मशीन चालू केलं. त्या पाच मिनिटं डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लावा ना आता."

"लागलंय, ताई."

त्यांनी डोळे उघडून मशीनच्या दिव्याकडे पाहिलं आणि आम्हाला बसायला सांगितलं, पोहे केले. निघताना म्हणाल्या, "माझ्या पुण्याच्या घरी एक जुनं मशीन आहे. त्यालाही हे घरचं बसवून द्या."

परतीच्या वाटेवर इक्बालभाई पुढे आमच्यात दाटून बसले. मारुंजी येता येता त्यांनी विचारलं. "दत्ताशेठ, तात्यांनी आत हात घालून माप कसं घेतलं असेल? त्यांना तर चष्मा लागतो."

दुकानात आलो. फरशी झाडलेली. भिंतीवर दोन रेघा, तेवढ्याच. पाइपवाल्याचा कॅटलॉग खुर्चीच्या एका पायाखाली, खुर्ची डुगडुगू नये म्हणून. तात्या पेपर वाचत होते. आजचा.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. काय विचारायचं ते ठरवत होतो. भाई मागे उभे.

तात्यांनी पेपराचं पान उलटलं.

"फुडचं मशीन कधी जायाचंय?" त्यांनी विचारलं. "आनि आतून उंची किती, त्ये आदी सांगत जा. चिमटीनं आनि सुतळीनं माप घ्यायचं वय ऱ्हायलं न्हाई माजं."